मूकपटांचे विरजण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलावले म्हणजे आहार, आरोग्य, काटकसर किंवा मुलांचे संगोपन यांपैकी एखाद्या विषयावर चार शब्द सांगावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्यातून माझा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला, तेव्हा मी कपड्यांवरचे डाग काढण्याचे उपाय सांगेन असा काहींचा कयास असेल. डागांविषयी मी बोलणारच आहे. मात्र ते पातळावरचे डाग नव्हेत, जुन्या मूकपटांवरचे आहेत.

गेल्या श्रावणात आपण या सभागृहात दोन मूकपट पाहिले. पहिला दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन', आणि दुसरा हिमांशु राय यांनी निर्माण केलेला, फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केलेला १९२९ सालचा 'प्रपंच पाश'. नंतर चहाच्या वेळी एका भगिनीने मला विचारले, "बाई, ते दुसरं चित्र इतकं जुनं, तरी लख्ख कसं? आणि आपल्या फाळक्यांच्या चित्रावर मात्र सारखा पाऊस का पडत होता?" प्रश्न मोठा मार्मिक होता. चहा संपेपर्यंत त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते, म्हणून "सांगेन कधीतरी" म्हणून मी वेळ मारून नेली. ते 'कधीतरी' आज उजाडले आहे.

आधी फीत म्हणजे काय ते पाहू. मूकपटांच्या काळातली फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसावर आम्लांची क्रिया करून हा पदार्थ बनवतात. तोफाबंदुकांच्या दारूत वापरतात त्या गनकॉटनची ही बहीणच म्हणा ना! दिसायला सुरेख, लवचीक आणि आरपार स्वच्छ. पण एकदा पेटली की विझवणे महाकठीण. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असल्यामुळे ती पाण्यात बुडवली तरी जळत राहते. बरे, आग लागली नाही म्हणून ती टिकेल असेही नाही. उष्ण आणि दमट हवेत ती आपोआप कुजू लागते. प्रथम चित्र फिकट होते, मग फीत चिकट होऊन रिळाचे वेढे एकमेकांना धरून बसतात, मधासारखे फेसाळ थेंब सुटतात आणि अखेर डब्यात तपकिरी भुकटी तेवढी उरते. पावसाळ्यात पापडांचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आपल्या कोकणपट्टीच्या हवेत या फितींचे काय झाले असेल याची कल्पना येईल.

पण सगळा दोष रसायनांच्या माथी मारणे माझ्यासारखीला पटणारे नाही. माणसांनीही आपला हातभार लावला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' झळकला, बोलपट सुरू झाले आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. (त्या 'आलम आरा'चीही एकसुद्धा प्रत आज उपलब्ध नाही, हे जाता जाता सांगते.) काळ्यापांढऱ्या फितीवरचे चित्र चांदीच्या कणांचे असते. आपण नाही का जुने शालू आणि पैठण्या जर काढणाऱ्यांच्या हवाली करत आलो? ते जाळून त्यातली चांदी काढतात, आणि मग आजीच्या शालूवर कोणती वेलबुट्टी होती हे कोणालाच सांगता येत नाही. जगभर पुष्कळ चित्रपटांची गत तशीच झाली. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली आपल्याजवळची उरलीसुरली मूकपटांची रिळे स्वतःच नष्ट केली. त्याआधी १९३७ साली न्यू जर्सीत फॉक्स कंपनीच्या कोठाराला आग लागून तिचे बहुतेक मूकपट जळाले होते.

या साऱ्याचा हिशेब वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात सुमारे ११,००० मोठे मूकपट निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात पुरे उरलेले अवघे १४ टक्के. आपल्याकडचा हिशेब याहून कष्टी करणारा आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले; त्यांतले पुरे-अपुरे मिळून तीसच्या आसपास हाती आहेत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला हे आपण शाळेत शिकतो. पण आज त्याचे पहिले आणि शेवटचे रीळच काय ते आहे, आणि तेही १९१७ साली नव्याने काढलेल्या चित्राचे असावे असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे.

भगिनींनो, महिला मंडळात हा विषय मी मुद्दाम काढला, त्याला कारण आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. आपल्या चित्रपटांतल्या या पहिल्या स्त्रिया. लोकापवादाला न भिता मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचे ते काम आज कोणालाही पाहता येत नाही. तो चित्रपट उरला नाही. कमलाबाई गोखले १९९७ पर्यंत होत्या. त्यांच्या उतारवयात रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला, म्हणून निदान म्हातारपणच्या कमलाबाई आपल्याला दिसतात. तेरा वर्षांची मोहिनी मात्र गेली ती गेलीच. फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. दिग्दर्शन करणारी आपल्याकडची ती पहिली स्त्री. तो चित्रपटही नाही. सरस्वतीबाई फाळक्यांनी अंगावरचे दागिने दिले, कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक केला आणि वर रात्री बसून कोऱ्या फितीला छिद्रे पाडली. त्या छिद्रांवाचून फीत यंत्रात एक इंचही सरकली नसती. ज्या फितींवर त्यांचे हात फिरले, त्यांतल्या बहुतेक आज मातीमोल झाल्या आहेत. पुरुषांचा इतिहास पुस्तकांतून तरी राहतो. बायकांच्या कामाची नोंद फार वेळा त्या कामातच असते. काम गेले की नोंदही गेली.

आता थोडी सुखाची गोष्ट सांगते. लोटे रायनिगर नावाच्या एका जर्मन बाईंनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापून, त्या काचेवर तसूतसूने हलवून, १९२६ साली राजपुत्र अहमदच्या साहसांवर एक पुरा चित्रपट केला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा चित्रपट फार आवडेल. त्याची मूळ निगेटिव्ह महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, बर्लिनमध्ये नाहीशी झाली. पण एक रंगीत छटांची प्रत लंडनमध्ये होती. तिच्यावरून जर्मनीतल्या लोकांनी १९९९ च्या सुमारास तो पुन्हा सिद्ध केला, आणि आज तो घरी बसून नातवंडांबरोबर पाहता येतो. एका घरचे नासले, पण दुसऱ्या घरी होते, म्हणून वाचले.

माझ्या आजच्या बोलण्याचे सार हेच आहे. आपण दह्याचे विरजण शेजारी का देतो? शेजारधर्म तर खराच. पण आपले विरजण बिघडले तर शेजारणीकडून परत आणता यावे, हा व्यवहारही त्यात आहे. मूकपटांच्या बाबतीत हेच घडले आणि तेही घरोघरच्या हौशी माणसांमुळे. १९२२ साली फ्रान्सच्या पाथे कंपनीने 'पाथे बेबी' नावाचे घरगुती यंत्र काढले. त्याची फीत साडेनऊ मिलिमीटर रुंद आणि छिद्रे मधोमध. पुढल्याच वर्षी कोडॅकने सोळा मिलिमीटरची फीत आणली. या दोन्ही फिती सहजी पेट न घेणाऱ्या होत्या, कारण घरात मुलेबाळे वावरत असतात. मग वाचनालयातून पुस्तक आणावे तसे लोक एका संध्याकाळपुरता चित्रपट भाड्याने घरी आणू लागले. बहुधा ते काटछाट केलेले असत. कंपन्यांच्या लेखी हा एक जोडधंदा. परंतु कंपन्यांची कोठारे जळाली, कुजली, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कपाटात ही छोटी रिळे राहून गेली.

केव्हिन ब्राउनलो हा लंडनचा शाळकरी मुलगा. १९५४ साली त्याच्या हाती आबेल गान्सच्या 'नेपोलियन' या १९२७ सालच्या चित्रपटाची साडेनऊ मिलिमीटरची दोन छोटी रिळे आली. तेवढा तुकडा पाहून तो इतका भारावला, की उरलेला चित्रपट शोधण्यात त्याने आयुष्य घातले. देशोदेशीच्या प्रतींतून तुकडे जुळवत त्याने १९७९ साली तो अमेरिकेत टेल्युराइड येथे उघड्यावर दाखवला, तेव्हा नव्वदीला टेकलेले गान्स समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून आपले चित्र पाहत उभे होते. २०१६ साली तो साडेपाच तासांचा चित्रपट तबकडीवर येऊन पुन्हा घरोघरी पोचला. घरातून निघालेली वस्तू घरी परत आली.

'द लॉस्ट वर्ल्ड' या १९२५ सालच्या, अजस्र सरडेप्राण्यांच्या चित्रपटाचीही अशीच कथा. मूळ प्रती गेल्यावर कित्येक वर्षे लोकांना माहीत होती ती कोडॅकच्या घरगुती वाचनालयाची, निम्म्यावर कापलेली प्रत. पुढे प्रागच्या संग्रहात एक बरीच पुरी प्रत सापडली. तिला इतर ठिकाणचे तुकडे जोडून अमेरिकेतल्या डेव्हिड शेपर्ड यांच्यासारख्या जाणकारांनी आणि नंतर पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्स या संस्थेने तो चित्रपट जवळजवळ पूर्ण केला.

हे जोडकाम करतात कसे? जुनी गोधडी दुरुस्त करणाऱ्या बाईला ते लगेच कळेल. प्रथम जगात जितक्या प्रती असतील तितक्या गोळा करायच्या आणि कोणत्या प्रतीतला कोणता तुकडा सर्वांत चांगला आहे ते चौकट न् चौकट पाहून ठरवायचे. फाटलेली छिद्रे हाताने सांधायची, फीत धुऊन घ्यायची. फितीचे ओरखडे भरून काढण्याची तर मोठी गमतीची युक्ती आहे. फीत एका विशिष्ट द्रवात भिजलेली असताना तिची छपाई करतात. तो द्रव ओरखड्यांत शिरतो आणि प्रकाश सरळ जातो, त्यामुळे पाठीवरचा ओरखडा दिसेनासा होतो. ओल्या काचेवरचे चरे दिसत नाहीत, तसेच हे. पुढचे काम आता संगणकावर होते. मग रात्रीच्या प्रसंगाला निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला तांबडी अशा त्या काळच्या छटा पुन्हा चढवायच्या आणि शेवटी संगीत बसवायचे. मूकपट कधीच मुके नव्हते. आपल्याकडे पडद्याशेजारी पेटी-तबला वाजत असे. 'प्रपंच पाश' २००६ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने असाच सिद्ध केला आणि नितीन साहनी यांनी त्याला नवे संगीत दिले. आपण जे लख्ख चित्र पाहिले ते असे तयार झाले. मुळात लंडनला त्याची चांगली सामग्री टिकून होती, हे निम्मे उत्तर. आणि तिच्यावर जाणत्या हातांनी मेहनत घेतली, हे दुसरे निम्मे. फाळक्यांची चित्रे तंबूतंबूतून, गावोगाव फिरून झिजली. त्यांतून जे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी शोधून आणले. आपल्या 'कालिया मर्दन'वरचा पाऊस हा त्या प्रवासाचा पाऊस आहे. त्या पावसातून सात वर्षांची मंदाकिनी फाळके कृष्ण होऊन हसताना दिसते, हेच आपले भाग्य.

या कामात वेगाचेही एक गणित असते. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, बहुधा सेकंदाला सोळा ते वीस-बावीस चौकटींनी घेतलेले असत. बोलपटाचा वेग चोवीसचा. जुने चित्र नव्या वेगाने दाखवले की माणसे टुणटुण उड्या मारू लागतात आणि आपण हसतो. याचा अनुभव मला घरीच आला. माझ्या मामांनी १९६० च्या सुमारास आठ मिलिमीटरच्या फितीवर माझ्या आईचे चित्र घेतले होते. रीळ चार मिनिटांचे. आई तुळशीला पाणी घालते आणि मामांकडे पाहून "पुरे आता" असे काहीतरी म्हणते. तिचे हलतेबोलते असे तेवढेच चित्र आमच्याकडे आहे. ते एका दुकानात संगणकावर उतरवायला दिले. परत आले ते पावणेतीन मिनिटांत आटोपले! रंग भडक केलेले, आणि आई चिमणीसारखी टुणटुणत चाललेली. एका दुखण्यानंतर माझी आई पाय जपून टाकत असे. अंगण ओलांडायला तिला वेळ लागे. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "आजी किती चपळ होत्या हो!" मी काही बोलले नाही. पण दुसऱ्या जाणकार माणसाकडून ते रीळ सोळाच्या वेगाने पुन्हा उतरवून घेतले आणि सगळ्यांना बसवून दाखवले. आई आईसारखी चालू लागली. तेव्हा मला नीट समजले, की जपणूक म्हणजे नुसते टिकवणे नव्हे, आणि चकाचक करणे तर नव्हेच. माणूस जसे होते तसे त्याला राहू देणे, ही खरी जपणूक.

चांगले कारागीर हे पथ्य पाळतात. 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या जर्मन चित्रपटाचा हरवलेला भाग २००८ साली ब्यूनोस आयर्सच्या एका संग्रहालयात सोळा मिलिमीटरच्या फितीवर सापडला. तो अतिशय खराब झालेला होता. २०१० साली तो जोडताना कारागिरांनी जेवढे शक्य तेवढे स्वच्छ केले आणि उरलेले ओरखडे तसेच ठेवले. जोड कुठे आहे हे प्रेक्षकाला दिसते. यात मला फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळे चित्रपट मोबाइलवर दिसतात, मग काळजी कसली? इथे एक फरक ध्यानात ठेवावा. लोणचे घातले म्हणजे मोठी बरणी दादरा बांधून आपण वेगळी ठेवतो आणि रोजच्या वाढणीला छोटी बरणी काढतो. छोटी बरणी फुटली तर हळहळ वाटते, पण वर्षाचे लोणचे जात नाही. तबकडी, मोबाइल, दूरचित्रवाणी या सगळ्या छोट्या बरण्या. मोठी बरणी म्हणजे थंड, कोरड्या कोठीत ठेवलेली फीत. ती नीट ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. संगणकातली साठवण मात्र दर काही वर्षांनी नव्या भांड्यात ओतावी लागते, नाहीतर अचानक एके दिवशी उघडेनाशी होते. मोठ्या बरणीचेही भय असतेच. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठीला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे गेली. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या फितीवर उतरवल्या होत्या तेवढे चित्रपट पाहण्यापुरते वाचले. म्हणून दोन्ही हवे : कोठीतली बरणीही हवी आणि शेजारी दिलेले विरजणही हवे.

शेवटी, आपल्याला करता येण्यासारखे काय आहे तेवढे सांगते. घर बदलताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना जुन्या रिळांचा डबा सापडला तर भंगारात देऊ नका. जुन्या प्रोजेक्टरवर घालून पाहण्याची घाईही करू नका. आकसलेली फीत त्यात फाटते. डब्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो इतर डब्यांपासून वेगळा ठेवा, कारण ती फीत कुजू लागली आहे आणि शेजारच्या फितींनाही ती बिघडवते. पत्र्याखालचा माळा आणि न्हाणीघरावरची फळी या दोन जागा टाळा. पस्तीस मिलिमीटरची, १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फीत असेल तर ती विस्तवापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. घरगुती फीत उतरवून घ्याल तेव्हा ती किती वेगाने घेतली आहे ते दुकानदाराला आधी विचारा. काम झाल्यावर मूळ रीळ परत आणा आणि उतरवलेली प्रत दोन वेगळ्या घरी ठेवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डब्यावर नावे लिहा. चित्रातले चेहरे ओळखणारे माणूस घरात आहे तोवरच हे काम होते.

मंडळालाही माझी एक सूचना आहे. दर श्रावणात एक मूकपट दाखवावा. आपल्यात पेटी वाजवणाऱ्या भगिनी आहेत, त्यांनी साथ करावी. आणि ज्या संस्थांनी मेहनतीने चित्रपट सिद्ध केला, त्यांचीच प्रत विकत घेऊन दाखवावी. ते चार पैसे पुढच्या चित्रपटाच्या कामी येतात. जे पाहिले जाते तेच जपले जाते. जे कोणी पाहत नाही, त्याच्या कोठीची किल्ली हरवायला वेळ लागत नाही.